पाच वाजताचा पेशंट

जागृतीनं पट्टीतून छोटी पांढरी गोळी काढली आणि वडिलांच्या तळहातावर ठेवली. अण्णाजींनी ती उजेडाकडं धरली, उलटीपालटी करून पाहिली आणि मूठ मिटली.

"चहाच्या आंधी का मंग?"

"आधी, बाबा. पाण्यासोबत."

"बराबर," ते म्हणाले. जणू परीक्षा तिची होती आणि ती पास झाली होती.

पाण्याचा पेला त्यांच्याजवळ ठेवून ती आत गेली. गॅसवर आधण ठेवलं, घड्याळ पाहिलं आणि फळीवरची वही काढून लिहिलं: चार पंचावन्न, संध्याकाळची गोळी दिली. वही शाळेतलीच होती, गणिताची, चौकटींची. पहिल्या पानांवर सकाळच्या गोळीचा सगळा इतिहास होता. सहा दिवस मळमळ, दोनदा उलटी, जेवण निम्मं. सातव्या दिवसापासून गोळी नाश्त्यानंतर दिली, उलटी थांबली. नाडी बासष्ट. त्यापुढच्या पानांवर मात्र संध्याकाळच्या रकान्यात एकच शब्द एकाखाली एक उतरत गेला होता. शांत. शांत. शांत. आज चोविसावा दिवस.

गावच्या जिल्हा परिषद शाळेत ती पहिलीचा वर्ग शिकवायची. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही ते अल्लीपुरानं आता विचारायचं सोडून दिलं होतं. आई गेल्यावर घरात ती आणि अण्णाजी. अण्णाजींनी बसस्टँडजवळच्या दवाखान्यात अडतीस वर्षं कंपाउंडरकी केली. त्या काळी माणसं घरून रिकामी शिशी घेऊन यायची. अण्णाजी तीत लाल मिक्श्चर भरायचे, कागदाची पट्टी कात्रीनं दातेरी कापून शिशीला डकवायचे आणि म्हणायचे, एका टायमाले एक दात खाली आला पाह्यजे. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांना तो दात वाचता यायचा. डॉक्टरसाहेब वारले, दवाखाना बंद झाला, तिथं आता मोबाइलचं दुकान होतं.

दिवाळीच्या आधी वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी अण्णाजींच्या विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. तोवर त्या आजारानं रोजची संध्याकाळ बिघडवायला सुरुवात केली होती. पाच वाजले की अण्णाजी चपला घालायचे. दवाखाना उघडायचा आहे, पेशंट खोळंबले आहेत. मोबाइलच्या दुकानासमोर उभं राहून ते त्या मालकाला किल्ली मागायचे. एकदा हिंगणघाटच्या रस्त्यावर, पुलाच्याही पुढं, ट्रकांच्या उजेडात चालताना सापडले. एका दूधवाल्यानं गाडीवर बसवून आणलं. घरी आल्यावर ते तिच्यावरच रागावले. तुमी कोन अडवणार, म्हणाले. तुमी.

त्यानंतर ही दुसरी गोळी आली. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, अस्वस्थपणा कमी होईल, पण झोप येईल, उठताना चक्कर येईल, पडण्याची भीती आहे, लक्ष ठेवा. आणि पुण्याहून योगेंद्र, तिचा धाकटा भाऊ, फोनवर म्हणाला होता, "ताई, एक महिना बघू. नाही जमलं तर इकडं एक चांगलं केंद्र आहे. मी जाऊन पाहून आलोय. बाग आहे, नर्स आहेत." तो वाईट बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड होतं.

पहिले चार दिवस तिनं गोळी दिल्यावर म्हटलं, "बाबा, तोंड उघडा." वर्गात जंताच्या गोळ्या वाटताना मुलांना म्हणायची तसंच. अण्णाजींनी चारही दिवस आज्ञाधारकपणे तोंड उघडलं, जीभ वर केली. ते तिला बघवेना. पाचव्या दिवसापासून तिनं ते म्हणणं सोडलं.

बाहेर फाटक करकरलं. रूपराव आले. दोन घरं सोडून राहायचे. अण्णाजींच्याच वयाचे, शेती मुलाच्या हाती दिलेली, बायको कधीच गेलेली. पूर्वी चार-आठ दिवसांनी डोकावायचे, गेले तीन आठवडे रोज येत होते. चहा गाळता गाळता जागृती पुढच्या पडवीतलं, म्हणजे सपरीतलं बोलणं ऐकायची, आणि ते तिला दिवसातलं सगळ्यात गोड वाटायचं.

"काय कंपाउंडरसाहेब, लाइन लय मोठी हाये वाट्टे आज?"

"तुमचाच नंबर हाये. बसा त्या स्टुलावर. चपला बाहीर काढल्या का?"

"काढल्या बापा. चप्पल पाहून औषध देता का मानूस पाहून?"

"जीभ दाखवा."

"जीभ कायची दाखवता, दात पाहा. दोन उरले."

"दोन हायेत तर इतकं बोलता. बत्तीस असते तर गाव सोडून जावं लागतं आमाले."

दोघं म्हातारे खुसखुसायचे. मग आवाज खाली जायचे, तिला काही ऐकू यायचं नाही. म्हाताऱ्यांचा जुना खेळ, तिला वाटायचं. चहा घेऊन ती बाहेर यायची तेव्हा अण्णाजी ताठ बसलेले असायचे, चेहरा उजळलेला, आणि तिला म्हणायचे, "जागू, बिस्कीट आन ना त्याले." जागू. तो शब्द ऐकण्यासाठी ती वर्गातली फळ्यावरची अक्षरं पुसतानाही पाच वाजायची वाट बघू लागली होती. गेल्या रविवारी तिनं योगेंद्रला कळवलं होतं, गोळी मानवली. तो म्हणाला, "बरं झालं, ताई. खरंच बरं झालं."

बुधवारी सकाळी ती शाळेची पिशवी खांद्याला लावत होती, तेव्हा रूपरावांची सून अंकिता फाटकात उभी दिसली. डोक्याला पदर नव्हता, केस तसेच बांधलेले.

"ताई, आमचे बाबा पडले. पहाटे. न्हानीत जाता जाता."

"अगं बाई! लागलं का?"

"हात सुजला. लय झोपते म्हून रातीच हिंगणघाटले नेतो म्हनत होते हे, तवा पन ऐकलं नाई त्याईनं. पंधरा दिवसांपासून पाहून राह्यली मी, सकाळी नऊ नऊ वाजेपर्यंत झोपून राह्यते, उठले की भिंत धरते. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर पुसते, नवीन कोनती गोळी चालू केली का. मी म्हनलं नाई जी. आन् गादी झटकली तर हे निंघालं उशीखाली."

तिनं मूठ उघडली. आत कागदाची लहानशी पुडी होती, चारी कोपरे आत घडी घातलेली, आपोआप न सुटणारी. गावात तशी घडी एकाच माणसाला यायची. कागद चौकटींचा होता. वर थरथरत्या, पण नीटस अक्षरात लिहिलं होतं: एक, जेवल्यावर.

जागृतीनं पुडी उघडली. छोटी पांढरी गोळी.

वीस दिवस तिनं ती गोळी त्या तळहातावर ठेवली होती आणि पाठ फिरवली होती. अडतीस वर्षं त्या हातात आलेली प्रत्येक गोळी दुसऱ्या कुणाचीतरी होती. मूठ मिटायची, पुडी बांधायची आणि समोरच्याला द्यायची. त्या हातानं काही चुकीचं केलंच नव्हतं.

"बाबांची आहे," ती म्हणाली. "माझंच चुकलं, अंकिता. मी समोर उभी राहून बघायला पाहिजे होतं."

अंकिताचा राग तिच्या डोळ्यांत आला आणि तिथंच थांबला. "तुमाले मी काय म्हनू, ताई. पन आता बाबाले इकडं पाठवत नाई मी. यायनं पन तेच सांगतलं."

मधल्या सुट्टीत जागृतीनं वडाखाली उभं राहून वर्ध्याला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी आधी रूपरावांची चौकशी केली. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, त्या काकांच्या डॉक्टरांना आजच गोळीचं नाव कळवा, दोन्हींमुळं चक्कर येणारच. मग त्यांनी विचारलं:

"म्हणजे वडिलांच्या पोटात तीन आठवड्यांत ही गोळी फारशी गेलेलीच नाही?"

"पहिले चार दिवस सोडले तर नाही."

"आणि तरी ते संध्याकाळी शांत आहेत?"

"हो."

"मग देऊ नका. बंद करा. सकाळची चालू ठेवा." आणि त्यांनी पुढं विचारलं, "या तीन आठवड्यांत त्या वेळेला घरात दुसरं काय बदललं?"

जागृतीनं समोर पाहिलं. पहिलीतली मुलं हातपंपाभोवती ओंजळी धरून उभी होती, आणि एकाचं झालं की दुसरं पुढं सरकत होतं.

शाळा सुटल्यावर ती आधी रूपरावांकडं गेली. ते खाटेवर उशीला टेकून पडले होते, मनगट पट्ट्यात बांधलेलं. अंकितानं खुर्ची दिली आणि गोठ्याकडं निघून गेली.

"काका, माफ करा."

"काऊन? धक्का तू देल्ला का मले?"

"ती गोळी बाबांची होती."

"माहीत हाये मले."

जागृतीनं खुर्ची पुढं ओढली.

"मी का लहान पोरगं हाओ? फाटकातून दिसे मले, तू त्याच्या हातावर ठेवत जाय ते. पहिल्या दिवशी पुडी देल्ली तवा म्हनलं, तुले सांगावं. आलतो चुलीकडं. तू पाठमोरी होती, चहा गाळत होती."

"मग सांगितलं का नाही?"

रूपरावांनी चांगल्या हातानं चादरीचा काठ सरळ केला. दोनदा केला.

"त्यानं पुसलं ना, पोरी. काय होते म्हून." ते आढ्याकडं बघत म्हणाले. "घरात कोनी वाईट नाई. सून जेवाले देते, पोरगा औषधं आनते. पन काय होते म्हून पुसते, आन् मंग आयकाले थांबते, असं कोनी नाई. तो थांबते. माही म्हातारी गेली ते पन सांगतलं मी त्याले. चार वेळा सांगतलं. त्याच्या ध्यानात राह्यत नाई, त्याच्यानं दरखेपी तो नव्यानं आयकते."

"पण गोळी का घेत होता? फेकून द्यायची."

"देल्लेलं औषध फेकाचं? त्यानं दुसऱ्या दिवशी पुसलं, घेतली का, तर खोटं बोलू मी? एक दिवस जेवलो नाई, तेवढीच राह्यली उशीखाली."

तिला हसू आलं. रूपराव मात्र गंभीर होते.

"आज तो बसून राह्यन," ते म्हणाले. "पाच वाजता. पोरगं मले खाटेखाली पाय ठेवू देत नाई. तू पाह्यजो त्याच्याकडं."

घरी येताना वाटेतच योगेंद्रचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं. लपवायचं मनात आलं होतं, पण सांगितलं.

"म्हणजे ताई, गोळी चालली नव्हतीच. आणि ज्यांच्यामुळं चाललं होतं ते काका आता येणार नाहीत."

"नाही येणार."

"मग आज बाबा पुन्हा पुलाकडं निघाले तर? तू एकटी किती दिवस फाटकात उभी राहशील?" त्याचा आवाज खाली आला. "मी रविवारी गाडी घेऊन येतो. रागावू नको. आज संध्याकाळी काय होतं ते मला खरं खरं सांग, एवढंच."

ती पोचली तेव्हा पावणेपाच झाले होते. दुपारी सोबतीला बसणारी बाई गेली. अण्णाजींनी हातपाय धुतले होते, स्वच्छ सदरा घातला होता. सपरीतल्या टेबलावर कात्री, डिंकाची बाटली आणि चौकोनी कापलेले कागद ओळीनं मांडून ते खुर्चीत बसले होते. समोर रिकामं स्टूल. जागृतीनं आज गोळी काढलीच नाही. हात पुढं करून ते क्षणभर थांबले, मग हात परत घेतला.

पाच वाजून गेले. ऊन फाटकाच्या सळ्यांमधून सपरीवर आलं, सरकलं. अण्णाजींनी कागद पुन्हा सारखे केले. रस्त्यावरून कुणी गेलं की मान वर व्हायची.

"कोनी आलं नाई?" त्यांनी विचारलं.

"येतील, बाबा."

"दवाखाना बंद हाये वाट्टे त्याईले." ते उठले. "उघडाले पाह्यजे. किल्ली कोनापाशी हाये?"

"बाबा, बसा ना. चहा आणते."

"चहा कायचा? मानसं ताटकळून राह्यली तथी!" त्यांची नजर तिच्यावर आली आणि तिच्यातून पलीकडं गेली. "बाजूले व्हा तुमी."

तुमी. त्यांनी कोपऱ्यातल्या चपला पायानं ओढल्या. एक उलटी घातली गेली. जागृती फाटकाशी जाऊन उभी राहिली असती, नेहमीसारखी हात आडवे लावून. पाऊल उचललंही होतं तिनं. पण ती वळली, स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर पडली, बोळातून धावत पुढं आली आणि बाहेरच्या बाजूनं फाटकापाशी पोचली. तिथं थांबून तिनं ओढणी डोक्यावरून घेतली. चपला फाटकाबाहेर काढल्या, जोडीनं ठेवल्या. कडी वाजवली.

अण्णाजी सपरीच्या पायरीवर होते.

"कंपाउंडरसाहेब, हायेत का?"

ते थबकले. तिच्या अनवाणी पायांकडं बघितलं, तिच्यामागं रस्त्याकडं बघितलं. मग हळूहळू त्यांचे खांदे सरळ झाले.

"या. या आत." ते खुर्चीकडं परतले, चपला वाटेतच सोडून. "उशीर केला तुमी. बसा."

ती स्टुलावर बसली. या बाजूनं तिनं आपली सपरी कधी बघितली नव्हती.

"नाव?"

"जागृती."

त्यांनी मान डोलावली. ते नाव त्यांच्या चेहऱ्यावरून कुठंही न अडता निघून गेलं.

"काय होते?"

डोकं दुखतं, असं तिनं ठरवलं होतं. बोळातून येता येताच ठरवलं होतं. अण्णाजी पुढं झुकून बसले. घाई नव्हती त्यांना. असे थांबले होते की जणू आज दिवसभरात दुसरा पेशंट येणारच नव्हता.

"दिवस मावळाले आला की जीव घाबरते," ती म्हणाली.

"हात द्या."

त्यांनी तिचं मनगट धरलं. बोटं कोरडी होती, गार होती आणि नेमकी नाडीवर पडली. डोळे आतल्या घड्याळाकडं लावून त्यांचे ओठ हलू लागले. तीही मनात मोजू लागली, मग तिचा आकडा चुकला. त्यांचा चुकला की नाही ते कळायला मार्ग नव्हता. खूप वेळ त्यांनी हात सोडला नाही.

"किती दिवसांपासून?"

"झाले सहा-सात महिने."

"जेवन जाते?"

"जाते थोडंबहुत."

"झोप?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. आत फोन वाजायला लागला. योगेंद्र असणार. वाजून वाजून थांबला.

"मोठी बिमारी नाई हे," अण्णाजी हळू आवाजात म्हणाले. तो आवाज तिच्या लहानपणीचा होता, पण तेव्हाही तो घरी कधी आला नव्हता. तो तिनं दवाखान्याच्या खिडकीबाहेर उभं राहून, दुसऱ्यांसाठी ऐकलेला होता. "पन अंगावर काढू नोका. औषध टायमावर घ्या लागन. बराच दिवस घ्या लागन." त्यांनी एक कागद पुढं ओढला, आणि तो तसाच ठेवून वर बघितलं. "सोबत कोन हाये तुमच्या?"

उन्हाची शेवटची पट्टी पायरीवरून खाली उतरली होती.

"बाबा हायेत," ती म्हणाली.

"कुठी? बाहीर?"

तिनं मागं वळून रिकाम्या फाटकाकडं पाहिलं.

"मंग त्याईले बोलवा आत. मी त्याईले समजून सांगतो. तुमी घाबरून गेल्या, तुमच्या ध्यानात नाई राहनार." ते तिच्याकडं बघून धीराचं हसले. "बापाच्या ध्यानात राह्यते."

आणि कात्री बाजूला ठेवून, हात टेबलावर जुळवून, ते फाटकाकडं बघत थांबले.